नागपूरच्या उन्हात अ‍ॅनालॉग पॉली सिंथ: निवड, सूर, स्टेज आणि रेकॉर्डिंग

ऑर्केस्ट्रात रोलँड एक्सपीएस-१० किंवा कोर्गच्या पीए मालिकेतला कीबोर्ड वाजवणाऱ्यांच्या हाती अ‍ॅनालॉग पॉलिफोनिक सिंथ आला की पहिल्याच दिवशी दोन गोष्टी खटकतात. बटण दाबताच सनई, बासरी, सतार मिळत नाही. आणि सकाळी सुरात असलेलं वाद्य दुपारी किंचित हललेलं असतं. दोन्हींचं मूळ एकच. या वाद्यात आवाज साठवलेला नसतो, पट्टी दाबली की तो त्या क्षणी सर्किटमध्ये तयार होतो. म्हणूनच पट्टीवरचं बोट जरा जास्त दाबलं तर तोच आवाज आतून उघडतो, थरथरतो. हे वाद्य घ्यायचं ते एवढ्याचसाठी. मात्र नागपुरात ते काम त्याच्याकडून करून घ्यायचं तर आधी उष्णता आणि वीज सांभाळावी लागते, मग बोटांच्या दाबाचं माप बसवावं लागतं. क्रम उलटा केला की चांगलं यंत्रही बदनाम होतं.

निवडताना काय पाहायचं

सुरुवात व्हॉइसच्या संख्येपासून करा. पाच व्हॉइस म्हणजे एका वेळी पाचच स्वर, आणि पट्टी सोडल्यावर विरत जाणारा स्वरही त्यात मोजला जातो. चार बोटांचा कॉर्ड, रिलीज (पट्टी सोडल्यावर स्वर विरायला लागणारा वेळ) तीन सेकंद, आणि दोन सेकंदांत पुढचा कॉर्ड आला तर आठ व्हॉइस लागतात. पाच व्हॉइसचं यंत्र अशा वेळी जुन्या कॉर्डचे तीन स्वर मध्येच तोडतं आणि पॅड (गाण्यामागे धरलेला लांब कॉर्डचा आवाज) खुडल्यासारखा ऐकू येतो. गाण्यामागे पॅड धरायचा असेल तर सहा व्हॉइस ही कामचलाऊ किमान संख्या समजा. आठ असतील तर निवांत. दोन आवाज एकावर एक लेयर करणार असाल तर बहुतेक यंत्रांत व्हॉइस निम्मे होतात, हेही हिशेबात धरा.

दुसरा प्रश्न ऑसिलेटरचा, म्हणजे मूळ स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटचा. व्हीसीओ म्हणजे व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर. त्याचा सूर तापमानाबरोबर हलतो आणि दोन ऑसिलेटरमधली ती बारीक हालचालच कानाला जिवंत वाटते. डीसीओमध्ये कंपनांची वेळ डिजिटल घड्याळ ठरवतं, त्यामुळे सूर पक्का राहतो. आवाजाची पुढची वाट, म्हणजे फिल्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर, अ‍ॅनालॉगच असते. मे महिन्यात उघड्या मैदानावर वारंवार कार्यक्रम करणाऱ्यांनी डीसीओचा विचार कमीपणाचा मानू नये. रोलँडचं १९८४ चं जुनो-१०६ डीसीओचंच आहे आणि त्याच्या आवाजाला कोणी नाव ठेवत नाही.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वात महत्त्वाची: आफ्टरटच. पट्टी तळाला टेकल्यावर आणखी दाबलं की मिळणारा संदेश म्हणजे आफ्टरटच. चॅनल आफ्टरटचमध्ये एक बोट दाबलं तरी वाजत असलेल्या सगळ्या स्वरांवर परिणाम होतो. पॉलिफोनिकमध्ये फक्त त्या बोटाच्या स्वरावर. यामाहाच्या १९७७ च्या सीएस-८० मध्ये पॉलिफोनिक आफ्टरटच आणि रिबन (बोट सरकवून सूर हलवायची फीत) दोन्ही होतं, पण ते धूड ८० किलोंहून जड. आजच्या यंत्रांपैकी आर्टुरिया पॉलीब्रूट १२ मध्ये बारा व्हॉइस आणि प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा ओळखणारा कीबोर्ड आहे. मूळ पॉलीब्रूट सहा व्हॉइसचं आहे. त्यात चॅनल आफ्टरटच, रिबन आणि डावीकडे बोटाने दाबायचं-सरकवायचं पॅड मिळतं. सिक्वेन्शियलचं टेक ५ पाच व्हॉइसचं, ४४ पट्ट्यांचं, उचलायला सोपं. बेहरिंगरचं डीपमाइंड १२ बारा व्हॉइसचं, डीसीओ आणि आफ्टरटचसह. कोर्ग मिनीलॉग शिकायला उत्तम, पण व्हॉइस चार आणि आफ्टरटच नाही. त्यामुळे ज्या कामाबद्दल हा लेख आहे ते काम त्याच्यावर अर्धंच होईल.

नागपुरात अरेंजर कीबोर्ड (तयार ठेक्यांचा) दुकानात जाऊन वाजवून घेता येतो; अ‍ॅनालॉग पॉली सिंथ बहुधा मागवावाच लागतो. त्यामुळे वॉरंटीत दुरुस्ती कुठे होणार आणि यंत्र तिथवर पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.

जुनं यंत्र घेत असाल तर एक चाचणी चुकवू नका. रिलीज शून्यावर आणा, आवाज साधा ठेवा आणि एकच पट्टी सावकाश, सारख्या जोराने वीसेक वेळा वाजवा. बहुतेक यंत्रं दर वेळी पुढचा व्हॉइस वापरतात. पाच व्हॉइसच्या यंत्रात दर पाचवा स्वर बोदा, चढा किंवा हळू आला, तर तो एक व्हॉइस आजारी आहे. विकणारा कॉर्ड वाजवून दाखवतो तेव्हा हा दोष चार चांगल्या आवाजांत लपून जातो. मग प्रत्येक नॉब दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. खरखर आली तर ती बहुधा धूळ असते, पण फिरवताना आवाज मध्येच गायब होत असेल तर पोटेन्शिओमीटर बदलावं लागेल. जुनो-१०६ पाहत असाल तर सहाही व्हॉइस दोनदा तपासा. त्यातल्या ८००१७ए या व्हॉइस चिप निकामी होण्याबद्दल ते यंत्र ओळखलं जातं. शेवटी मागची पाटी वाचा. अमेरिकेतून आलेलं यंत्र ११७ किंवा १२० व्होल्टचं असू शकतं, जपानमधून आलेलं १०० व्होल्टचं. ते थेट आपल्या २३० व्होल्टला लावलं तर पॉवर सप्लाय जळतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि यंत्राच्या वॅटपेक्षा किमान दीडपट क्षमतेचा घ्या.

वीज

मंडपात किंवा मैदानावर वाद्य लावण्याआधी सॉकेट मल्टिमीटरने मोजा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० व्होल्ट हवेत, फेज आणि अर्थिंगमध्ये जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थिंगचा आकडा अर्ध्यावर किंवा शून्यावर दिसला तर अर्थिंग आलेलंच नाही. अशा सॉकेटला वाद्य लावू नका. गाणाऱ्याच्या ओठांना माइकचा झटका बसतो तो याच दोषाने. मोजता येत नसेल तर मंडपाच्या इलेक्ट्रिशियनला मोजून दाखवायला सांगा, यात संकोच नको.

लाइटचे डिमर, एलईडी भिंत आणि धुराचं मशीन ज्या लाइनवर आहेत तिच्यावर सिंथ नको. जनरेटर असेल तर तो सुरू होऊन स्थिर झाल्यावरच वाद्य लावा. सुरू होताना आणि एकदम मोठा लोड सुटला की व्होल्टेज उसळतं. घरचा साधा इन्व्हर्टर चौकोनी लहर देत असेल तर ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्रातून गुरगुर येते आणि ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्या.

गुणगुण आली तर तिची जात ओळखा. खोल, सपाट ‘हुं’ म्हणजे ५० हर्ट्‌झ किंवा त्याची दुप्पट. हा बहुधा अर्थिंगचा फेरा, म्हणजे दोन यंत्रं दोन वाटांनी जमिनीशी जोडली गेल्याने आलेला आवाज. बारीक किणकिण, जी लॅपटॉपचा माउस हलवताच बदलते, ती यूएसबीतून येते. पहिल्यासाठी डीआय बॉक्सवरचं (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या छोट्या पेटीवरचं) ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. दुसऱ्यासाठी यूएसबी काढून पाच पिनांची मिडी केबल (वादनाचे संदेश नेणारी) लावा. मिडीत संदेश प्रकाशाच्या वाटेने जातो, वीज जोडली जात नाही, म्हणून फेरा तुटतो. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कापणं हा उपाय नाही. तो जिवाशी खेळ आहे.

ऊन, कूलर आणि सूर

व्हीसीओचा सूर तापमानावर का हलतो, हे एकदा समजलं की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात. व्होल्टेजचं रूपांतर सुरात करणारं सर्किट ट्रान्झिस्टरच्या एका गुणधर्मावर चालतं, आणि तो गुणधर्म दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३३ टक्के बदलतो. भरपाई केलेली नसेल तर एका सप्तकाच्या अंतरावर एका अंशाला सुमारे ४ सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) फरक पडतो. संध्याकाळी सहाला ४१ अंश आणि रात्री दहाला ३४, म्हणजे सात अंशांत २८ सेंट. कानाला हे सरळ बेसूर वाटतं. आधुनिक यंत्रांत भरपाईचा रेझिस्टर किंवा तापमान पाहून स्वतः दुरुस्ती करणारी व्यवस्था असते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक खूपच कमी पडतो. पण तो शून्य नसतो, आणि दोन व्हॉइस सारख्या वेगाने हलत नाहीत.

म्हणून पद्धत अशी ठेवा. वाद्य जिथे वाजणार त्याच जागी, किमान वीस मिनिटं आधी चालू करून ठेवा. एसी असलेल्या ग्रीनरूममध्ये ऑटो ट्यून (यंत्राने स्वतःचे सगळे व्हॉइस सुरात आणणं) करून मग मैदानावर आणणं निरुपयोगी आहे. ऑटो ट्यून त्या क्षणाच्या तापमानाला जुळवतं. वीस मिनिटांनी ऑटो ट्यून करा. काही यंत्रांत ते काही सेकंदांत संपतं, काहींत बराच जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ वाद्य मुकं असतं. त्यामुळे कार्यक्रमात पुन्हा करायचं तर निवेदन चालू असताना, मिक्सरवरचा फेडर खाली घेऊन करा. स्टेजवरचा उभा पंखा थेट कीबोर्डवर सोडू नका. एक बाजू गार आणि दुसरी गरम झाली की सगळे व्हॉइस वेगवेगळ्या दिशेने जातात. पंखा वाजवणाऱ्याच्या पाठीमागून, वरच्या बाजूने असू द्या.

कस्तुरचंद पार्कसारख्या उघड्या जागी दुपारी सेटिंग करताना यंत्र उन्हात ठेवू नका. काळा पत्रा हवेपेक्षा खूप जास्त तापतो. माहितीपुस्तकातली कमाल तापमानाची मर्यादा वाचून ठेवा. ती बहुधा ४० अंशांच्या आसपास असते, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ असतं. सुती पांढरी चादर टाका, पण यंत्र चालू असताना हवा जाण्याच्या खाचा मोकळ्या ठेवा. बंद गाडीच्या डिकीत तर एक तासही नाही.

आणि कूलर. नागपूरच्या घरात मार्च संपला की वाळ्याच्या ताट्या बसतात आणि सरावाची खोली बहुधा कूलरचीच असते. कूलरची हवा गार असते, पण ओलसरही असते. ती थेट यंत्रावर पडली की पट्ट्यांखालचे संपर्क आणि नॉबच्या आतल्या कार्बनच्या चकत्या ओल धरतात, धूळ चिकटते आणि वर्षभरात खरखर सुरू होते. यंत्र कूलरच्या झोतापासून बाजूला, शक्यतो समोरच्या भिंतीकडे ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमटपणा साचणार नाही. कूलरच्या मोटर आणि पंपासाठी वेगळं सॉकेट वापरा. पंप चालू-बंद होतानाचा ‘टक्’ रेकॉर्डिंगमध्ये हमखास येतो.

आता सोबतच्या वाद्यांशी सूर. हार्मोनियमचा सूर स्टेजवर बदलता येत नाही, सिंथचा येतो. म्हणून जुळवून घ्यायचं ते सिंथने. फिल्टर थोडा बंद करून एकच ऑसिलेटर ठेवा, हार्मोनियमवर मधल्या सप्तकातली पांढरी ६ धरायला सांगा आणि तोच स्वर धरा. दोन सुरांमध्ये ‘वॉव-वॉव’ असे ठोके ऐकू येतील. मास्टर ट्यून सावकाश फिरवा. ठोके हळू होत होत थांबले की जुळलं. सेकंदाला दोन ठोके म्हणजे साधारण ८ सेंटचा फरक. बासरी असेल तर ती उष्णतेने चढते, हे गृहीत धरून बासरीवाल्याला विचारून घ्या. तो हार्मोनियमशी जुळवून घेणार असेल तर तुमचं काम संपलं.

आवाज घडवणं

खालचे आकडे पॅड आणि लीड दोन्हीकडे झुकणाऱ्या, गाण्यात उपयोगी पडणाऱ्या आवाजाचे आहेत. आधी यंत्रावर कोरा पॅच (आवाजाच्या सेटिंगची साठवलेली मांडणी) घ्या, म्हणजे जुनी जोडणी आड येणार नाही.

ऑसिलेटर १ सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी लहर), ८ फूट (नेहमीचं सप्तक). ऑसिलेटर २ सुद्धा सॉटूथ, ८ फूट, पण ५ सेंट वर. मधल्या पांढरी ६ ला, म्हणजे ४४० हर्ट्‌झला, ५ सेंटमुळे सेकंदाला सव्वा ठोका पडतो. हीच त्या आवाजाची ऊब. १२ सेंटच्या पुढे गेलात तर तार सप्तकात आवाज बेसूर वाटायला लागतो आणि गायकाला आधार मिळत नाही. लेव्हल दोन्हींची सारखी ठेवा, मात्र मिक्सर पूर्ण उघडू नका. अनेक यंत्रांत पाऊण भागापुढे फिल्टर आतूनच फाटायला लागतो. ते कधी हवं असतं, पण ठरवून हवं.

फिल्टर २४ डीबीचा लो-पास, कटऑफ (जिच्या वरचा भाग फिल्टर कापतो ती मर्यादा) ५०० हर्ट्‌झच्या आसपास, रेझोनन्स दहा-पंधरा टक्के. की-ट्रॅकिंग ५० टक्के. हे शून्यावर ठेवलं तर वरचे स्वर बोदे होतात, आणि वाजवणारा ते भरून काढायला कटऑफ वाढवतो; मग खालचे स्वर ओरडतात. अनेकांचा पॅच इथेच बिघडतो.

फिल्टरचा एन्व्हलप, म्हणजे स्वर सुरू झाल्यापासून विरेपर्यंत फिल्टर कसा उघडतो-मिटतो: अटॅक ४० मिलिसेकंद, डिके ८००, सस्टेन ४० टक्के, रिलीज ५००, मात्रा २५ टक्के. अ‍ॅम्प्लिफायरचा: अटॅक २० मिलिसेकंद, सस्टेन ९० टक्के, रिलीज ६०० ते ८००. जास्त लांब शेपूट हवी असेल तर ती रिव्हर्बमधून घ्या, रिलीजमधून नाही. रिव्हर्बला व्हॉइस लागत नाहीत.

आता भावाचा भाग. व्हेलॉसिटी फिल्टर-एन्व्हलपच्या मात्रेला ३० टक्के जोडा, आवाजाच्या मोठेपणाला फक्त दहा. म्हणजे जोरात वाजवल्यावर स्वर मोठा होण्याऐवजी उजळतो, आणि मिक्सरवरच्या माणसाला फेडरशी झटापट करावी लागत नाही. आफ्टरटच कटऑफला जोडा, पूर्ण दाबल्यावर एक ते दीड सप्तक उघडेल इतकंच. दुसरी जोडणी व्हायब्रॅटोची: एलएफओ (स्वर थरथरवणारा संथ ऑसिलेटर) त्रिकोणी लहरीचा, वेग ५ ते ५.५ हर्ट्‌झ, पूर्ण दाबावर वर-खाली २० ते २५ सेंट. यंत्रात प्रत्येक व्हॉइसला वेगळा एलएफओ मिळत असेल तर तोच निवडा. सगळे स्वर एकाच लयीत थरथरले की ऑर्गन वाटतो.

मग दाबाची चाचणी घ्या. चार बोटांचा कॉर्ड हाताच्या सहज वजनाने पाच सेकंद धरा. आवाज जराही हलता कामा नये. हलला, तर आफ्टरटचची संवेदनशीलता कमी करा किंवा कर्व्ह बदला. नंतर फक्त करंगळीकडचं बोट दाबा: पट्टी आधीच तळाला आहे, तिच्याखालचा रबर दबतो आणि तेवढ्या एक-दोन मिलिमीटरच्या प्रवासात फिल्टर बंदपासून उघडा झाला पाहिजे, एका फटक्यात नाही. पूर्ण उघडायला मनगट ताठ करावं लागत असेल तर संवेदनशीलता वाढवा; दोन तासांच्या कार्यक्रमात तसं दाबून हात दुखतो. या चाचणीला अर्धा तास लागला तरी द्या. बाकीचा पॅच दुसऱ्याचा उसना चालेल, दाबाचं माप आपल्याच हाताचं लागतं.

मींड, आंदोलन आणि शुद्ध गंधार

मींड घ्यायला अनेकजण पॉली मोडमध्ये ग्लाइड चालू करतात आणि स्वर कुठूनही सरकत येतात. कारण साधं आहे. पॉली मोडमध्ये प्रत्येक व्हॉइस स्वतः शेवटी वाजवलेल्या स्वरापासून सरकतो, तुम्ही शेवटी वाजवलेल्या स्वरापासून नाही. मींडेसाठी वेगळा पॅच ठेवा: मोनो, लेगाटो ग्लाइड, ८० ते १२० मिलिसेकंद, आणि एन्व्हलप प्रत्येक स्वराला नव्याने सुरू होणार नाही असा. पहिली पट्टी धरून दुसरी दाबली तरच सरकेल. सोडून दाबली तर स्वच्छ नवा स्वर.

आंदोलनासाठी पिच बेंड दोन अर्धस्वरांवर ठेवा. बारा ठेवलं तर हाताच्या किंचित हालचालीने स्वर निसटतो. रिबन असेल तर तोच वापरा. व्हीलला मधोमध खटका असतो, रिबनला नसतो. एमपीई (प्रत्येक स्वराचा बेंड आणि दाब वेगळा पाठवणारी मिडीची पद्धत) कंट्रोलर जोडणार असाल तर दोन्हीकडे बेंडची कक्षा एकच हवी. एमपीईत ती साधारण ४८ अर्धस्वर धरलेली असते. सिंथवर ती २ राहिली तर बोट पूर्ण स्वरभर सरकवूनही सूर जेमतेम ८ सेंट हलतो आणि कंट्रोलर बिघडला असं वाटतं. एमपीईत पहिला चॅनल सामायिक संदेशांसाठी आणि दोनपासून पुढचे एकेका स्वरासाठी असतात, तेव्हा सिंथवरही तशीच व्यवस्था चालू करा.

तानपुऱ्यासोबत पॅड धरताना एक गोष्ट कानाने तपासा. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार कीबोर्डच्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. पंचमात फरक फक्त २ सेंटचा, तो खटकत नाही. त्यामुळे अभंग, गझल किंवा भावगीताच्या आरंभी लांब पॅड असेल तर सा-प किंवा सा-म धरा आणि गंधार गायकासाठी मोकळा सोडा. पर्यायी स्वरजुळणीची सोय असलेल्या यंत्रात तो गंधार १४ सेंट खाली आणून पाहा, पण मग त्या पॅचवर दुसऱ्या स्केलचं गाणं वाजवू नका. काळी १ साठी जुळवलेला गंधार पांढरी ४ ला चुकीच्या जागी पडतो.

स्टेजवर

बहुतेक ठिकाणी मांडणी अशी होते: खाली अरेंजर, वर सिंथ. अरेंजर तालाबरोबर मिडीतून प्रोग्राम चेंजही (पॅच बदलायचा संदेश) पाठवत असतो. दोन्ही मिडीने जोडले आणि चॅनल एकच राहिला, की गाण्याच्या मध्यात अरेंजरचा ठेका बदलताच सिंथचा पॅच बदलतो. सिंथला अरेंजर वापरत नसलेला चॅनल द्या आणि प्रोग्राम चेंज घेणं बंद करा. फक्त लय हवी असेल तर क्लॉक तेवढा चालू ठेवा.

पेडल लावून मगच वाद्य चालू करा, आणि चालू करताना पाय पेडलवर नको. अनेक यंत्रं त्या क्षणी पेडलची दिशा ठरवतात, मग सस्टेन उलटा चालतो. एक्स्प्रेशन पेडल फक्त शेवटच्या टोकाला काम करत असेल तर ते बिघडलेलं नसून त्याच्या जॅकची जोडणी वेगळ्या पद्धतीची असण्याची शक्यता जास्त. काही पेडलवर खाली बटण असतं, नाहीतर सिंथच्या सेटिंगमध्ये पर्याय असतो.

नॉबची पद्धत स्टेजसाठी ‘पास-थ्रू’ ठेवा, म्हणजे नॉब साठवलेल्या जागेवरून गेल्यावरच आवाज हलेल. पॅच बदलल्यावर नॉब जिथे आहे आणि आवाज जिथे आहे यांत अंतर असतं. ‘जंप’ पद्धतीत नॉबला हात लागताच कटऑफ उडी मारतो आणि पहिल्या रांगेतला माणूस दचकतो. पॅच गाण्यांच्या क्रमाने ओळीत साठवा. साउंडचेकमध्ये केलेला बदल साठवला नाही तर पॅच बदलताच तो गेला.

वसंतराव देशपांडे किंवा सुरेश भट सभागृहात साउंडचेकला पहिला प्रश्न विचारा: साउंड स्टीरिओ आहे की मोनो? मोनो असेल तर फक्त डाव्या, ‘मोनो’ लिहिलेल्या जॅकमधून तार घ्या आणि स्टीरिओ कोरस बंद करा. कोरसच्या दोन बाजू मोनोत मिसळल्या की एकमेकींना खातात आणि भरदार पॅड पोकळ होतो. साधी जॅक तार पाच-सहा मीटरच्या आत, तिथून डीआय बॉक्स, पुढे एक्सएलआर. सिंथचा व्हॉल्यूम पाऊण ठेवा आणि गेन मिक्सरवर घ्या. सिंथ कमी आणि मिक्सर जास्त ठेवला की सूं आवाज वाढतो.

पॅडवर १५० ते २०० हर्ट्‌झखाली हाय-पास लावायला सांगा. तबल्याचा डगा आणि बास गिटार तिथेच बोलतात, आणि घरी हेडफोनवर सुंदर वाटलेला खर्ज सभागृहात सगळ्यांना गढूळ करतो. बासिस्ट असेल तर डाव्या हाताने कॉर्डचा मूळ स्वर वाजवू नका. एक व्हॉइसही वाचतो.

गणेशोत्सवात गुलालाची वेगळी धास्ती बाळगा. तो फेडरच्या फटीत गेला की साध्या फुंकरीने निघत नाही. पट्ट्या सोडून बाकी पॅनेलवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवा, आणि कागदाचे रंगीत कपटे किंवा धूर सोडणाऱ्याला आपल्या दिशेने सोडू नको म्हणून आधीच सांगा.

स्टुडिओत

२४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, आणि सर्वात मोठा आवाज -१२ डीबीएफएसच्या आसपास. याहून वर न्यायची गरज नाही. ऑडिओबरोबर मिडीही रेकॉर्ड करा, म्हणजे वादन चांगलं आणि आवाज चुकीचा अशा वेळी तेच वादन पुन्हा सिंथमधून वाजवता येतं. त्यासाठी सिंथवर ‘लोकल’ (पट्ट्यांची आतल्या आवाजाशी थेट जोडणी) बंद करा, नाहीतर एकच पट्टी दोनदा वाजते आणि व्हॉइस निम्मे होतात. सॉफ्टवेअर आफ्टरटच रेकॉर्ड करतंय ना, हे सुरुवातीलाच पाहा. काहींत तो गाळण्याचा पर्याय चालू असतो, आणि मग परत वाजवल्यावर आवाज निर्जीव येतो.

प्रत्येक टेकआधी ऑटो ट्यून करा, टेकच्या मध्ये नाही. एका ट्रॅकचा पहिला अर्धा भाग एसी चालू असताना आणि उरलेला बंद केल्यावर घेतला तर जोड कानाला दिसतो. एसी बंदच ठेवायचा असेल तर अर्धा तास आधी बंद करून खोली स्थिर होऊ द्या.

रुंदी हवी असेल तर स्टीरिओ कोरसपेक्षा दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाका. दोन वेळचा दाब आणि दोन वेळचा सूर कधीच एक नसतो; ही रुंदी मोनोतही पडत नाही. इफेक्ट न लावलेला एक ट्रॅक जरूर राखून ठेवा.

सिंथ सॉफ्टवेअरच्या मिडीवर वाजत असेल तर तो काही मिलिसेकंद मागे पडतो. मिडीतून एक कोरडा, शून्य अटॅकचा टकटक आवाज वाजवून रेकॉर्ड करा, ग्रिडपासूनचं अंतर मोजा आणि ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे लवकर वाजेल असा सरकवा. हे अंतर बफर बदलला की बदलतं.

देखभाल

पावसाळ्यात एसी खोलीतून बाहेर नेलेलं यंत्र बॅगमध्येच अर्धा तास राहू द्या, मग उघडा. गार पत्र्यावर दव धरतं आणि त्याच अवस्थेत चालू केलं तर संपर्क खराब होतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की वाळवा. नॉब खरखरले तर आधी बंद यंत्रावर प्रत्येक नॉब तीस-चाळीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाहीच गेलं तर पोटेन्शिओमीटरसाठीचाच कॉन्टॅक्ट क्लीनर, एक छोटा फवारा. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका. तो सुरुवातीला बरा वाटतो, मग धूळ धरतो आणि प्लास्टिक बिघडवतो.

जुन्या यंत्रांत पॅच बॅटरीवर टिकतात. बॅटरी ३ व्होल्टची असेल आणि २.७ च्या खाली गेली असेल तर बदलायची वेळ आली, पण त्याआधी सगळे पॅच सिस्टिम एक्सक्लुझिव्हने (यंत्राचा डेटा मिडीतून पाठवायची सोय) संगणकावर उतरवून घ्या, आणि एकदा परत चढवून पाहा की ती फाइल खरोखर चालते. पॉवर सप्लायचा भाग स्वतः उघडू नका; प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरते.